सोडलेल्या माणसाची आजी

बेहाला, कोलकाता
१० नोव्हेंबर २०२४

निर्मलावन्सं यांस सरलाचा नमस्कार.

वयानं मी मोठी, खरं तर आशीर्वाद द्यायचा. पण नणंदेला दिलेला आशीर्वाद लागू पडलेला मी तरी पाहिला नाही, म्हणून नमस्कारावर भागवते. तुम्ही कानाचं यंत्र कपाटात ठेवून फोनवर नुसतं "हो, हो" म्हणता आणि मी इकडे ओरडून अख्ख्या बेहाल्याला आपल्या घरातलं सांगते. म्हणून हे पत्र. मी सांगते आहे, नातसून लिहिते आहे. नूपुरच्या पायाचं प्लास्टर निघालं, आता चालते छान. ज्यासाठी आले ते काम संपलं. अकरा जानेवारीचं तिकीट अजेयनं काढलंय. संक्रांतीला मिरजेच्या घरी तुमच्या डोक्यावर येऊन बसते.

आता एक गंमत सांगते. गंमत आहे की नाही ते तुम्ही ठरवा, तुम्ही शाळामास्तरीण.

अजेयचं ऑफिस खिदिरपूरला, गोदीजवळ. जहाजातून आलेला माल कस्टममधून सोडवायची कागदपत्रं करतात. तिथली जुनी रीत अशी, की एकेका जहाजाचं काम हातावेगळं झालं की संध्याकाळी साहेब बाटली उघडणार आणि सगळ्यांनी ग्लास घ्यायचा. जो घेत नाही त्याला पुढचं मोठं जहाज मिळत नाही. कुणी तसं बोलून दाखवत नाही, पण मिळत नाही. आपला अजेय नवा होता तेव्हा पहिल्या जहाजाला म्हणाला, आज शनिवार आहे. दुसऱ्याला म्हणाला, पोट बिघडलंय. तिसऱ्याला साहेबांनीच ग्लास पुढे केला आणि विचारलं, आमच्यात बसायची लाज वाटते का? तेव्हा ह्या शहाण्याच्या तोंडून निघून गेलं, "मी सोडलीय. फार प्यायचो. डॉक्टर म्हणालेत, एक थेंब गेला तर संपलो."

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कोणीतरी उठून लिंबाचं सरबत आणलं. न पिणारा त्यांना शिष्ट वाटत होता. सोडलेला एकदम शूर झाला. त्यालाही सहा वर्षं झाली. ज्यानं खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतलं, तो माझा नातू तिथे सहा वर्षं सुधारलेला दारुडा आहे.

तेही चाललं असतं. पण या वर्षी जुने साहेब गेले आणि सौरभ नावाचे दिल्लीचे नवे आले. पहाटे धावतात, गरम पाणी पितात. त्यांनी बाटल्यांचं कपाट रिकामं करून त्यात फळं ठेवली. फाटकावर एक यंत्र बसवलंय, सकाळी त्यात फुंकर मारायची, वास आला तर घरी. काल जे सांगायचे की मी सहा रिचवतो, ते आज सांगतात, मी कधी एवढी घेतच नव्हतो. आणि या सगळ्यांत थोर कोण, तर अजेय. चौदा डिसेंबरला सगळ्यांच्या घरच्यांना बोलावून मोठा कार्यक्रम आहे. त्यात अजेयचं भाषण, आणि माझा सत्कार. कारण कधीतरी याला कुणी विचारलं, सुटलास कसा, तेव्हा हा म्हणाला होता, आजीमुळे.

मी म्हटलं, खरं सांगून मोकळा हो. तर म्हणतो, आजी, सहा वर्षं खोटं बोललो हे खरं सांगू? ज्यानं हेही खोटं सांगितलं त्याच्या हाती कस्टमचा एक कागद तरी देतील का?

तेव्हा मला शाल मिळणार आहे. तुमच्यासाठी नारळ आणते.

तुमची वहिनी,
सरला

(आजींनी सांगितलं तसंच लिहिलंय. नमस्कार. नूपुर)


मिरज
१९ नोव्हेंबर २०२४

वहिनी यांस,

पत्र पोचलं. त्याच्या आदल्याच दिवशी माझ्या नातीनं, सायलीनं, फोनवर मला अजेयचा व्हिडिओ दाखवला. त्याच्या कंपनीनं टाकलेला आहे, सगळं जग बघतं आहे. तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत, नेमकं हेच लिहिलं नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं असं मी धरत नाही.

त्यात तो सांगतो, की आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीच्या लग्नात मी कान पिळायला उभा राहिलो तेव्हा इतकी चढली होती की कान सोडेना. लोकांना वाटलं थट्टा चालली आहे. मी धरून राहिलो, कारण सोडला असता तर पडलो असतो. मग तो थांबतो आणि समोरचे लोक हसतात.

अजेयला बहीण नाही. मग हे लग्न कुणाचं, वहिनी?

माझ्या लग्नात दादांनी ह्यांचा कान धरला आणि रडले. ते रडले कारण आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं होतं आणि मी कऱ्हाडला निघाले होते. पन्नास वर्षं मी हे मुलांना, नातवंडांना सांगत आले आहे आणि हेच खरं आहे. एकोणनव्वद साली दादा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून आपण दोघींनी ठरवलं होतं, विचारेल त्याला कावीळ सांगायची. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवला होता. नातवाला सांगायची परवानगी त्यात नव्हती.

अजेयनं आपलं खोटं आपल्या पद्धतीनं निस्तरावं. माझ्या भावाला त्यात ओढू नये. एवढंच.

निर्मला


बेहाला
२७ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

तुमचं पत्र नूपुरनं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचाच आवाज तुमच्यासारखा झाला.

मी सांगितलं त्याला, चूक कबूल. तो अकरावीत होता. आपल्या सुरेशनं त्याला कुणाच्या तरी वरातीत जायला बंदी केली, तेव्हा पोरगं रुसून बसलं. बाबा एवढे का चिडतात विचारत होतं. बापानं तर कधी सांगितलं नसतं. मी सांगितलं, आणि रडू नये म्हणून हसवत सांगितलं. कानाची गोष्ट मी फार चांगली सांगते हो वन्सं, हा माझा दोष. त्यानं ती जपून ठेवली आणि गरज पडली तेव्हा अंगावर चढवली. स्वतःची कुठून आणणार होता?

व्हिडिओचं मला माहीत होतं. तुमच्याकडे पोचायच्या आत मी पोचेन असं वाटलं होतं.

मी परत अजेयला म्हटलं, खरं सांग, नोकरी जाते तर जाऊ दे, खायला मिरजेत काय कमी आहे. तर तो म्हणाला, माझ्या नोकरीचं सोड, दिलीपबाबूंचं काय? तेव्हा आता दिलीपबाबू सांगते.

हे त्याच्या ऑफिसातले जुने कारकून. बंगाली, चौपन्न वर्षांचे, गोदीतला प्रत्येक माणूस ओळखतात. जुन्या साहेबांच्या वेळी बाटली उघडायचा मान यांचाच. नवीन यंत्रानं यांना पहिल्याच आठवड्यात दोनदा घरी पाठवलं. तिसऱ्यांदा पाठवलं की कायमचं. म्हणून दुर्गापूजा संपल्यावर साहेबांनी त्यांना अजेयच्या हवाली केलं, तू सुटलास तसं यांना सोडव म्हणून. आता हा काय कपाळ सोडवणार? त्यानं आणून माझ्यासमोर बसवलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला माझेरहाटहून मेट्रोनं येतात. सात ते नऊ ही यांची वाईट वेळ. मी मुरमुऱ्यांत कांदा, मिरची, मोहरीचं तेल घालून वाडगा पुढे ठेवते. हाताला काम म्हणून पालक निवडायला देते. प्रश्न विचारत नाही. माझं मोडकं हिंदी, त्यांचं त्याहून मोडकं, आमचं छान जमतं. मला ठाकुमा म्हणतात, म्हणजे आजी. नऊला उठतात आणि घरी जातात. आज त्रेचाळीस दिवस झाले, एक थेंब नाही.

मला विचारतात, ठाकुमा, अजेयला तुम्ही असंच बसवत होता? मी हो म्हणते. असंच मी कुणाला बसवत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. बहात्तर साली, आपल्या मिरजेच्या स्वयंपाकघरात. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून हे आले की शेंगा फोडायला द्यायची, खायला द्यायची, विचारायचं नाही. एकोणीस दिवस चाललं होतं. विसाव्या दिवसाचं मी दिलीपबाबूंना सांगितलेलं नाही.

आता बघा माझं कसं झालंय. अजेयनं खरं सांगितलं, तर समोर बसलेल्या माणसाला कळणार की सुटलेला असा कोणी नाहीच. नाही सांगितलं, तर मी स्टेजवर जाऊन शाल घ्यायची, माणूस वाचवल्याबद्दल. जो वाचवायचा होता तो तर माझ्या हातून गेला. रोज अंथरुणावर पडले की ती शाल अंगावर आल्यासारखी वाटते, आणि वन्सं, ती गरम होते.

म्हणून विचारते. तिथे मला एवढंच सांगू द्या, की ही गोष्ट नातवाची नाही, माझ्या नवऱ्याची आहे. अजेयचं खोटं निम्मं हलकं होईल आणि मला श्वास घेता येईल. तुम्ही नाही म्हणालात तर नाही सांगणार. पण नाही म्हणायच्या आधी दोन दिवस जाऊ द्या.

सरला


मिरज
५ डिसेंबर २०२४

वहिनी,

तीन दिवस जाऊ दिले. नाही.

व्यासपीठावर दादांचं नाव निघालं तर मिरजेला येऊ नका. हे घर कागदोपत्री माझं आहे हे मी आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं, आज दाखवते.

त्या दिवशी आजारी पडा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला आजारी पडायला कारण लागत नाही.

दिलीपबाबूंचे आज किती झाले?

निर्मला


बेहाला
१७ डिसेंबर २०२४

वन्सं यांस,

आजारी पडून पाहिलं. सकाळी चक्कर आली म्हणाले, तर साहेबांनी डॉक्टर आणि चाकांची खुर्ची दोन्ही पाठवलं. डॉक्टर म्हणाला, नाडी पंचविशीतल्या बाईसारखी आहे. इतकं चांगलं माझ्याबद्दल चुकीच्या वेळी आजवर कुणी बोललं नव्हतं. खुर्चीत बसवून, लिफ्टनं उतरवून, गाडीत घालून मला खिदिरपूरला नेलं.

मोठा हॉल, तीन-चारशे माणसं, बायकापोरं. दिलीपबाबू पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या धोतरात, शेजारी त्यांची बायको. अजेय बोलला. कानाची गोष्ट आली, लोक हसले, मग डोळे पुसले. मी पोराच्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वेळा सांगून ती आता त्याचीच झाली आहे. कान धरल्यासारखा हात वर करतो तेव्हा बोटं अगदी ह्यांच्यासारखी वळतात, आणि त्यानं तर ह्यांना कधी पाहिलंही नाही.

मग शाल घातली, नारळ दिला आणि माईक माझ्या तोंडाशी आणला. मी मराठीतच बोलणार, अजेय त्याचं हिंदी करून सांगणार, असं ठरलं होतं. समोर नूपुर सोडली तर मराठी कळणारं कुणी नाही. तुमच्या दादांचं नाव मी घेतलं नाही, तुमची शप्पथ. मी फक्त म्हटलं, "हा पोरगा आयुष्यात कधी प्यायला नाही. जो पीत होता त्याला मला वाचवता आलं नाही. ही शाल परत घ्या." आणि शाल काढून साहेबांच्या हातात दिली.

अजेय माईककडे वळला आणि बोलला, बरंच बोलला. आजी म्हणते, माणूस स्वतःच सुटतो, घरचे नुसते दार उघडं ठेवतात, ही शाल इथल्या प्रत्येक घरातल्या बाईची आहे, असं काय काय. सगळा हॉल उठून उभा राहिला. साहेबांचे डोळे भरले. त्यांनी ती शाल परत माझ्या अंगावर घातली आणि वर आपल्या गळ्यातला हारही. म्हणजे खरं बोलून मला आणखी एक हार मिळाला.

येताना गाडीत, तारातल्याच्या वळणावर, अजेय एवढंच म्हणाला, की जानेवारीपासून त्याला हल्दिया, पारादीप, विशाखापट्टणम, सगळ्या शाखांत हीच गोष्ट सांगायला पाठवणार आहेत. शालीबरोबर दिलेल्या पाकिटात बढतीचं पत्र होतं.

पण सांगायचं आहे ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मला वाटलं, दिलीपबाबू येणार नाहीत. सातला बेल वाजली. बसले, मुरमुरे पुढे ठेवले, हात लावला नाही.

म्हणाले, "ठाकुमा, काल तुम्ही तीन वाक्यं बोललात. अजेयनं दहा केली. मधली सात कुणाची?"

मी पालक घेऊन बसले. तेच पुढे बोलू लागले. अजेय कधी प्यायलेला नाही हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. बाटली उघडली की पिणारा माणूस, सोडलेला असला तरी, आधी बाटलीकडे बघतो. अजेय सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचा. असं कोण बघतं ते मला माहीत आहे, म्हणाले, माझा मुलगा बघतो.

मी विचारलं, मग माझ्याकडे रोज का आलात? तर म्हणाले, तुमच्यासाठी. दार उघडल्यावर तुम्ही आधी नाकानं श्वास ओढता आणि मगच या म्हणता. माझी बायको तीस वर्षं तसंच करते.

वन्सं, मला हे ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं झाली ह्यांना जाऊन. अजून मी दारात वास घेते आणि मलाच पत्ता नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुमचे यजमान ना?" मी मान हलवली. बोलले नाही, नुसती मान. तुमच्या-माझ्यातल्या शब्दाला तेवढ्यानं तडा गेला असेल तर गेला. ते पालकाची देठं मोडायला बसले. एक जुडी संपवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटी सोडली होती ना त्यांनी?"

एकसष्टावा दिवस होता. हातातलं देठ त्यांनी अजून मोडलं नव्हतं.

मी म्हटलं, "सोडली. शेवटची बारा वर्षं शिवली नाही."

त्यांनी वाडगा ओढला आणि खाल्लं. आणि मग विचारायला लागले. पहिला महिना कसा गेला? चिडायचे का? दोस्त बोलवायला येत तेव्हा काय करायचे? मी सांगत गेले. काल आले, आणखी विचारलं. आज सातला परत येतील. हे सांगणारी दुसरी कोणी नाही, नूपुरला येत नाही, अजेय गावोगाव जाणार. अकराचं तिकीट रद्द करायला सांगितलंय. संक्रांत तुमच्याशिवाय, आणि पुढचंही काही ठरवता येत नाही. अजेयला सहा वर्षं मी हसले. आता आम्ही दोघं एकाच दावणीला.

रागावला असाल तर तसं लिहा. नूपुर हळू आवाजात वाचेल.

सरला


मिरज
२६ डिसेंबर २०२४

वहिनी,

नाव घेतलं नाहीत. मान हलवलीत ती मी मोजत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला सांगितलं होतं की तुझा भाऊ रडत नव्हता, त्याला उभं राहता येत नव्हतं. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी ते म्हणाले, माझीच चूक झाली, रडतच होता. मरेपर्यंत त्यांनी ते परत फिरवलं नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं असं तुम्ही समजू नका. त्या घरात माहीत नसल्यासारखी वागणारी मी एकटीच काय ती राहिले होते.

तुमची खोली झाडून ठेवली होती. तशीच राहू दे.

दिलीपबाबूंना रोज जे सांगता ते मलाही कळवा. बारा वर्षं म्हणालात. कोणत्या सालापासून धरली आहेत?

निर्मला


बेहाला
४ जानेवारी २०२५

वन्सं,

सत्याहत्तरपासून धरली आहेत.

पहिले दोन महिने फार वाईट गेले, भिंतीला डोकं लावून बसायचे. मग पावसाळा संपता संपता जरा भूक लागायला लागली. पार्सल ऑफिसातले दोघे बोलवायला आले, तर आतूनच सांगितलं, मी घरात नाही. ते दोघेही हसत परत गेले, आणि हेही हसले.

त्या वर्षी भाऊबीजेला ते कऱ्हाडला तुमच्याकडे आले होते. दुपारच्या गाडीनं, धुतलेला सदरा घालून. तुम्ही पाट मांडलात, ते सरळ बसले. ओवाळताना तुम्ही त्यांच्याकडे बघायला घाबरत होतात, ते मात्र तुमच्याकडे बघत होते. जेवण झाल्यावर लगेच उठले नाहीत. तिन्हीसांजा होऊन गेल्या तरी ओसरीवर बसून तुमच्या वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासू लागत होते आणि एकालाही नापास करू देत नव्हते.

इथपर्यंत दिलीपबाबूंना सांगून झालंय. आज त्यांचे एक्याऐंशी. त्यांनी विचारलं, त्या दिवशी बहिणीनं जेवायला काय केलं होतं? मी म्हटलं, उद्या सांगते. मी कुठे तिथे होते? ते तुम्ही कळवा.

सरला